फ्रिजच्या दारातली बाटली

माझी मुलगी परदेशात काय काम करते, हे मी सौंसरमध्ये दोन वर्षं कुणाला खरं सांगितलं नव्हतं. शाळेतल्या बाया विचारायच्या, वस्तीतल्या बाया विचारायच्या, आणि मी म्हणायची, "फळाच्या रसाची कंपनी हाय. तिथं तपासणीचं काम करते." ते अगदीच खोटं नव्हतं. द्राक्ष हे फळच आहे आणि तिचं काम तपासणीचंच आहे. पण ती ज्या रसाची तपासणी करते त्याला आपल्याकडे दारू म्हणतात, आणि तो शब्द माझ्या मुलीबद्दल बोलताना माझ्या तोंडातून निघत नव्हता.

मी रामाकोन्याच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. नवरा सौंसरला बिजली विभागात आहे. आम्हा दोघांच्याही घरी आमच्या आधी शेतमजुरी होती, दोघांच्याही आयांनी आम्हाला विहारात बोटाला धरून नेलं होतं. पाचवं शील, मद्य घेणार नाही ते, मी सात-आठ वर्षांची असताना सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. कारण माझा बाप शेजारी बसलेला असायचा आणि त्याला ऐकू जावं असं मला वाटायचं.

बाप लोधीखेड्याला दुसऱ्यांच्या वावरात जायचा आणि दिवस मावळायच्या आधी मोहाची प्यायला बसायचा. आई मला त्याला आणायला पाठवायची. नाल्याच्या काठी चार-पाच माणसं बसलेली असायची, त्यांच्यात तो सगळ्यांत शांत असायचा. मारझोड त्यानं कधी केली नाही. तो फक्त तिथं नसल्यासारखा व्हायचा. हाक मारली तर माझ्याकडे पाहायचा आणि ही पोरगी कोणाची, असा विचार करायचा. मी तेरा वर्षांची असताना तो गेला. शेवटी डोळे हळदीसारखे झाले होते. त्यानंतर मोहाच्या फुलांचा वास आला तरी मला मळमळतं. उन्हाळ्यात शाळेच्या रस्त्यावर झाडाखाली फुलं पडतात तेव्हा मी स्कुटी जोरात काढते.

लग्न करताना मी एकच गोष्ट पाहिली होती, मुलगा पितो का. तेव्हा तो पीत नव्हता. पुढं लाईनवरच्या लोकांत राहून लागली. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग मोजायचं राहिलंच नाही. तो घरी आला की मी दार उघडायच्या निमित्तानं जवळ जायची आणि श्वास घ्यायची. तो लवंग चघळून यायचा. लवंगेमागचा वासही मला यायचा. असं सात वर्षं चाललं.

अकरा वर्षांपूर्वी तो एकदा खांबावरून पडता पडता वाचला, आणि त्याच्या साहेबांनीच मला बोलावून सांगितलं की आता याला कुठंतरी नेऊन ठेवा, नाहीतर जीव जाईल. माझ्या भावानं नागपूरचं एक व्यसनमुक्ती केंद्र शोधलं. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला आम्ही भावाकडे पांढुर्ण्याला शिकायला ठेवलं आणि सांगितलं, "बाबा तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी भोपाळले गेले." सगळ्यांना तेच सांगितलं. तीन महिन्यांनी तो परत आला, वजन उतरलेलं, केस बारीक कापलेले. तेव्हापासून त्यानं थेंब घेतलेला नाही. ते तीन महिने आमच्या घरात पुन्हा कधी बोलण्यात आले नाहीत. मुलगी परत आमच्याकडे राहायला आलीच नाही. पांढुर्ण्याहून नागपूरला गेली, अन्नप्रक्रियेचं शिकली, तिथून शिष्यवृत्ती मिळवून पोर्तुगालला.

गेल्या डिसेंबरात ती तीन आठवड्यांसाठी आली. आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारची बाई तिला भेटायला आली आणि म्हणाली, "काय व, तुह्या कंपनीत संत्र्याचाबी रस काढते का? आपल्या पांढुर्ण्याचा संत्रा ने म्हणा तिकडं." मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी गॅसकडे पाहत होते. तिनं शेजारणीला काहीतरी गोड उत्तर देऊन वाटेला लावलं आणि मग स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, तू लोकांना काय सांगून राहिली?"

"त्याइले काय समजते."

"त्यांना समजत नाही म्हणून की तुला लाज वाटते म्हणून?"

मी पोळी उलटली. ती गेली आणि बॅगेतून दोन लोकरी मोज्यांत गुंडाळलेली एक बाटली घेऊन आली. पांढऱ्या काचेची, आत बदामी रंगाचं काहीतरी. ओट्यावर माझ्या कणकेच्या परातीशेजारी तिनं ती ठेवली.

"ही वीस वर्षं लाकडाच्या पिंपात होती. बाबा घेत नाहीत, मला माहीत आहे. मी तुझ्यासाठी आणली. एकदा चाखून पाहा, मी काय काम करते ते तुला कळेल. मग लोकांना काय सांगायचं ते सांग."

बाबा घेत नाहीत, मला माहीत आहे, हे तिनं इतक्या सहज म्हटलं की मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बरेच लोक घेत नाहीत. मला वाटलं ती तेवढंच म्हणते आहे.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं बाटली उघडली. नवरा म्हणाला, "मी जरा बाहेर बसतो उन्हात," आणि खुर्ची घेऊन अंगणात गेला. मुलीनं सोबत दोन छोटे काचेचे ग्लास आणले होते, बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते. दोन बोटं भरेल एवढंच तिनं ओतलं आणि ग्लास खिडकीच्या उजेडात तिरका धरला.

"रंग पाहा आधी. ही नवी असताना लाल असते, आपल्या कोकमासारखी. लाकडात राहून राहून लाली जाते."

रंग खरंच सुंदर होता. गुळाचा पाक पातेल्याच्या कडेला पातळ पसरतो तिथं जसा दिसतो, तसा. मग तिनं नाक ग्लासात घातलं, डोळे मिटले, आणि माझी मुलगी मला एकदम अनोळखी आणि फार मोठी वाटली. ती कामावर होती. तिनं सांगितलं की द्राक्षाचा रस आंबत असतो तेव्हा अर्ध्यातच त्यात द्राक्षाचीच कडक दारू घालतात, म्हणजे आंबणं थांबतं आणि अर्धी साखर तशीच राहते. म्हणून गोड, आणि म्हणून कडक. तिच्या हाताखाली रोज तीस-चाळीस नमुने येतात. त्यांत कुठं काही बिघडलं आहे का, कुठलं कशात मिसळावं, हे ती नाकानं आणि जिभेनं ठरवते आणि थुंकून टाकते.

"थुंकून टाकतं?"

"मग काय, चाळीस पिऊ का? माझ्यासारखी थुंकणारी पोरगी तुला कुठं मिळणार." ती हसली. "वास घे. काय येतो ते सांग. चूक-बरोबर काही नसतं."

मी ग्लास नाकाशी नेला. बापाच्या अंगचा वास येईल म्हणून मी आधीच श्वास धरला होता. तो आला नाही. आधी आली संत्र्याची वाळलेली साल. आमच्याकडे संत्र्याचा अंबिया बहार निघाला की आई साली सुपात उन्हात घालायची, उटण्यासाठी. त्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडक व्हायला लागतात तेव्हाचा वास. मग जळता जळता राहिलेली चिक्की. मग काहीतरी लाकडाचं, जुन्या कपाटासारखं. मी हे एकेक सांगत गेले आणि मुलगी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत राहिली.

"आई, तुझं नाक तर आमच्या साहेबांपेक्षा चांगलं आहे."

माझं नाक कशानं तयार झालं हे मला माहीत होतं. सात वर्षं मी दारात उभी राहून तेच करत होते. पण ते मी तिला म्हटलं नाही. मी घोट घेतला.

मला वाटलं होतं घशाला आग लागेल, मी थुंकेन, तोंड वाकडं करेन आणि विषय संपेल. तसं झालं नाही. गोड होतं, मनुकांसारखं, पण त्या गोडाच्या आत थोडं आंबट, आणि गिळल्यावर छातीत ऊब उतरत गेली. तोंडात अक्रोडाची चव राहिली, आणि ती कितीतरी वेळ राहिली. माझे खांदे खाली आले. ते वर होते हे मला तेव्हा कळलं. शाळा, मतदार यादीचं काम, बहिणीचं ऑपरेशन, सगळं होतं तिथंच होतं, पण माझ्यापासून हातभर लांब सरकलं होतं.

"कशी आहे?" मुलीनं विचारलं.

"बरी हाय," मी म्हटलं.

मला अजून हवी होती. मी ग्लास धुवायला उठले.

मुलीनं बाटलीला बूच लावलं आणि फ्रिजच्या दारात, ताकाच्या बाटलीशेजारी उभी करून ठेवली. ही उघडल्यावर महिनाभर टिकते, थंड ठेवायची, मामा आला की त्याला देऊ, असं म्हणाली. सोमवारी ती पांढुर्ण्याला भावाकडे गेली, तिथून मैत्रिणींना भेटायला नागपूरला जाणार होती.

त्याच दिवशी मी शाळेतून साडेचारला घरी आले. नवरा साडेसहाला येतो. चहाचं दूध काढायला मी फ्रिज उघडला आणि दूध काढलं नाही. स्टीलच्या वाटीत अर्धी वाटी ओतली आणि ओट्याशी उभी राहूनच प्यायले. मनाशी म्हटलं, उघडलीच आहे, पोरीनं माझ्यासाठीच आणली आहे. वाटी धुतली, पालथी घातली. मंगळवारी पुन्हा. मंगळवारी मी खुर्चीत बसून, हळूहळू, वास घेत प्यायले. त्या दिवशी एका मुलाची आई शाळेत येऊन मला वाट्टेल ते बोलून गेली होती आणि तिचे शब्द दिवसभर कानात होते. वाटी संपली तेव्हा ते शब्द कमी झाले होते. बुधवारी स्कुटी चालवतानाच मी वाटीचा विचार करत होते. गुरुवारी दोनदा घेतली. दुसऱ्यांदा घेतल्यावर मी मसाल्याच्या डब्यातून लवंग काढली, तोंडात टाकली आणि चघळत चघळत मोरीतल्या आरशासमोर गेले. आरशात माझे गाल लाल दिसत होते आणि जबडा हलत होता. मी लवंग थुंकली. पण वाटी घेतली होती ती घेतलीच होती.

मला त्या संध्याकाळी बापाची आठवण आली. राग आला नाही, ही नवीन गोष्ट होती. तो नाल्याकाठी शांत का बसायचा ते मला पहिल्यांदा आतून कळलं, आणि ते कळणं मला नको होतं. इतकी वर्षं मी त्याच्यावर रागवून नीट उभी राहिले होते.

शुक्रवारी मुलगी परत आली. शनिवारी आम्हा दोघांना सुट्टी होती. सकाळी नवरा टंकीवर चढून पाईप पाहत होता आणि मी मेथी निवडत होते. मुलीनं फ्रिज उघडला आणि बराच वेळ बंद केला नाही. मग बाटली घेऊन खिडकीशी गेली. उजेडात धरली. तिला काही मोजायची गरज नव्हती, तिचा तो धंदाच आहे. बाटली अर्ध्याच्याही खाली आली होती.

ती माझ्याजवळ येऊन खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, बाबा परत प्यायला लागले का?"

परत. त्या एका शब्दानं माझे हात थांबले.

"परत म्हणजे?"

"मला माहीत आहे आई. भोपाळचं ट्रेनिंग वगैरे काही नव्हतं. मामा मला चष्म्यासाठी नागपूरला घेऊन गेला होता. वाटेत म्हणाला, तू ऑटोत बस, मी एकाला कपडे देऊन येतो. मी वर पाहिलं तर बाबा गॅलरीत टॉवेल वाळत घालत होते. पाटी मी वाचली." ती बाटलीचं बूच बोटानं फिरवत होती. "मी कोणाला बोलली नाही. तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल, असं वाटलं. मग तुम्ही सांगितलंच नाही. ही बाटली घरात आणायला नको होती मी. पण मला वाटलं, अकरा वर्षं झाली. सांग नं, लागले का प्यायला?"

मला तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. मी घेतली, एवढंच. तीन शब्दसुद्धा नाहीत. मुलगी पंधरा वर्षांची असल्यापासून एवढं मोठं गुपित एकटी घेऊन फिरली हे मी नुकतंच ऐकलं होतं, आणि तरीही मी त्या क्षणी विचार केला तो माझाच. मी मेथीकडे पाहत म्हटलं, "मले काय मालूम. मी दिवसभर शाळेत असतो."

घरी बोलताना आम्ही बायाही कधीकधी 'असतो' म्हणतो. ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं.

मुलीनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते. ती उठली आणि बाटली जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवून दिली.

नवरा टंकीवरून उतरून हात धुऊन आला. मुलगी त्याला टॉवेल द्यायला म्हणून जवळ गेली आणि तिनं श्वास घेतला. मी पाहिलं. त्यानंही पाहिलं. तो श्वास त्याच्या ओळखीचा होता. सात वर्षं तो रोज दारात त्याच्या तोंडाशी आला होता. त्यानं टॉवेल घेतला, टेबलावरची बाटली पाहिली आणि खुर्ची ओढून बसला.

"बाबा, मी रागवणार नाही," मुलगी म्हणाली. "फक्त खरं सांगा. ही तुम्ही घेतली का?"

तो माझ्याकडे वळला. फार वेळ नाही, पाच-सहा सेकंद. मी हातातली काडी मोडत होते. मग तो मुलीला म्हणाला, "मी नाई घेतली. पण तू माह्यावर विश्वास ठेवच, असं मी म्हणू शकत नाई. तेवढं मी कमावलं नाई."

"बाबा, मग..."

"मी येतो जरा फिरून." त्यानं चपला घातल्या आणि तो गेला. अजून जेवायचा होता.

दार लागलं आणि मला वाटलं घरातली हवा संपली. मुलगी टेबलावर डोकं टेकून बसली होती. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "त्यायनं नाई घेतली. मी घेतली. चार दिवस. शाळेतून आली की."

तिनं डोकं वर केलं. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. राग होता, पण रागाच्या आधी दुसरं काहीतरी होतं. माझी पोर मला घाबरली, असं मला वाटलं.

"आणि तू त्यांना जाऊ दिलं?" ती म्हणाली. "आई, तू इथं उभी होती आणि त्यांना जाऊ दिलं?"

मी ओढणी घेतली आणि निघाले.

तो कुठं गेला असेल हे शोधताना मी पहिल्यांदा कुठं गेले, ते मी लिहायलाच हवं. मी कलारीच्या रस्त्याला गेले. दारू विकत मिळते तिथं. भर दुपारी दुकानाच्या जाळीसमोर आठ-दहा माणसं उभी होती आणि मी रस्त्याच्या पलीकडून एकेकाची पाठ पाहत गेले. त्यांच्यात तो नव्हता. म्हणजे स्वतः पिऊन, त्याच्यावर आळ येऊ देऊन, वर मी त्याला शोधायला तिथंच गेले होते. एका ओळखीच्या बाईनं विचारलं, "मॅडम, इकडं कुठं?" मी म्हटलं, "असंच."

तो बसस्टँडच्या मागे चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसलेला होता. चहा पिऊन झाला होता, ग्लास हातातच होता. मी शेजारी बसले. पांढुर्ण्याची बस लागली होती आणि कंडक्टर ओरडत होता, त्यामुळे आम्ही काय बोलतो ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

"मी सांगून आली तिले," मी म्हटलं. "मीच घेतली."

"मले मालूम होतं."

"कवापासून?"

"मंगळवारी. तू दार उघडलं तवा. लवंग तर काल-परवा सुरू केली तू. पण मंगळवारीच वास आला."

"मग बोलले काऊन नाई?"

त्यानं ग्लास बाकड्यावर ठेवला. "काय बोलू? तू मले इतके वर्षं असंच धरलं. मले ते कसं वाटे ते मले मालूम हाय. मी तुले तसं धरू का?" मग तो म्हणाला, "आन् दुसरं सांगू का? ती बाटली रविवारपासून फ्रिजात हाय. मी फ्रिज उघडला नाई सहा दिवस."

मी त्याच्याकडे पाहिलं. मला आठवायला लागलं. रविवारपासून तो माठातलं पाणी पीत होता, डिसेंबरच्या थंडीत. ताक नको म्हणत होता. दूध तापवायचं काम त्याचं, ते त्यानं मला करायला लावलं होतं, कंबर दुखते म्हणून. मी यातलं काही पाहिलं नव्हतं. जी बाई त्याच्या श्वासातला एक थेंब ओळखायची, ती आठवडाभर फ्रिजच्या दाराशीच उभी होती आणि तो पाच पावलांवर बसून काय सोसतो आहे ते तिला दिसलं नाही.

"अकरा वर्षांनी बी?" मी विचारलं.

"अकरा वर्षांनी बी. तुले वाटलं गेली?"

मला तसंच वाटलं होतं. काविळीसारखी, येते आणि जाते. मी म्हटलं, "मले वाटलं तुम्ही सुटले."

तो उठला आणि म्हणाला, "चाल. पोरगी एकटी हाय."

आम्ही घरी पोचलो तेव्हा मुलगी मोरीशी उभी होती. आम्हाला पाहून तिनं बाटलीचं बूच काढलं आणि बाटली मोरीत उलटी केली. ती गटगट आवाज करत रिकामी झाली. तिनं नळ सोडला. ज्या हातांनी ती या गोष्टीची रोज पारख करते त्याच हातांनी तिनं ती ओतली, आणि मला स्पष्ट आठवतं की मला तिचं वाईट वाटलं, नवऱ्याचं वाटलं, आणि त्याच्याइतकंच त्या वाया गेलेल्या वाट्यांचंही वाटलं. वास दिवसभर घरातून गेला नाही. फिनाईल टाकलं तरी गेला नाही. नवरा ऊन उतरेपर्यंत अंगणात बसून राहिला. जेवणाचं ताट मी त्याला तिथंच नेऊन दिलं.

त्यानंतर मुलगी दहा दिवस होती. बोलणं झालं, पण सगळं झालं नाही. तिनं मला एकदा विचारलं, "तुला आता घ्यावीशी वाटते का?" मी म्हटलं, "वाटते." ती म्हणाली, "किती?" मी म्हटलं, "साडेचार वाजले की वाटते." ती घाबरली नाही. तिनं मला सांगितलं की तिच्या कामावर दर सहा महिन्यांनी सगळ्यांना एका डॉक्टरीण बाईकडे जाऊन असंच बोलावं लागतं आणि दोन जणांना तिथून काम सोडावं लागलं. हे तिनं मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मी तिच्या कामाबद्दल लोकांशी खोटं बोलत होते आणि तिला त्या कामाची भीती वाटते हे मला माहीतच नव्हतं. ती जाताना नागपूरच्या विमानतळावर बापाच्या गळ्यात पडली आणि माझ्या पाया पडली. मला उलटं हवं होतं.

मी आता शाळा सुटल्यावर लगेच घरी येत नाही. रामाकोन्याला पाचवीच्या चार मुली गणितात कच्च्या आहेत, त्यांना तास-दीड तास बसवते. मुलींना वाटतं मॅडमना त्यांची काळजी आहे. तीही आहेच. फेब्रुवारीत विहारात गेले तेव्हा सगळे शील म्हणत होते आणि पाचव्याला माझा आवाज आला नाही. शेजारच्या बाईनं घसा धरला का, असं विचारलं.

मार्चमध्ये एका रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. हवापाणी झालं, आणि मग तिनं एकदम बापाला विचारलं, "बाबा, तिथं नागपूरला कसं होतं?" मी भाजी चिरत होते. मला वाटलं तो फोन माझ्याकडे देईल.

तो म्हणाला, "खोलीत आठ खाटा होत्या. पहिले दहा दिवस मले काई आठवत नाई. मग माहा पलंग खिडकीशी आला. खिडकीखाली शाळा होती. अकरा वाजता पोरं पाढे म्हणत. मी बी म्हणे. हात थरथरे तवा एकोणीसचा पाढा म्हणे, तो कठीण हाय म्हणून. बाजूच्या खाटेवर एक मास्तर होते, अमरावतीकडचे. ते माह्या चुका काढत. ते नंतर गेले." मुलीनं विचारलं, गेले म्हणजे घरी? तो म्हणाला, "नाई. वारले. घरी गेल्यावर महिन्याभरात. मले कळलं तवा मी ड्युटीवर होतो, खांबाखाली. त्या दिवशी मी वर चढलो नाई."

दोघं पाऊण तास बोलले. मी चिरलेली भाजी पाण्यात टाकायची विसरले आणि वांगी काळी पडली. अकरा वर्षांत यातलं एक अक्षर मी ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी त्याला म्हटलं, "हे मले कधी सांगितलं नाई तुम्ही."

तो चष्मा पुसत होता. "तू विचारलं असतं तर सांगितलं असतं," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

मी सुरी खाली ठेवली आणि त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. मला विचारायचं होतं की ते मास्तर कशानं गेले, घरी कोण होतं त्यांच्या, आणि पहिले दहा दिवस. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "एकोणीसचा पाढा येते का अजून?"

त्यानं म्हणायला सुरुवात केली. एकोणीस सक्कंपर्यंत गेला आणि तिथं अडला.